चिंचोके

बानीच्या बेसबॉल मैदानावर
मी चिंचोके मोजतो:
येइसनने टाकलेल्या प्रत्येक चेंडूमागे एक,
डाव्या खिशातून उजव्या खिशात.

पन्नास झाले की बस.

आज सामना अटीतटीचा,
कुंपणाशी वेग मोजणारा परका माणूस,
आणि मी मधेच जाऊन चेंडू मागितला.
देईना.
बारा वर्षांचं पोर,
मुठीत अख्खं घर धरून उभं.

हरलो.
त्याची आई बोलली नाही माझ्याशी.

काय सांगू तिला?
माझा कोपर अजून सरळ होत नाही,
फळीवरचा साखरेचा डबा बायको काढून देते.
मलाही तेव्हा म्हणाले होते,
अजून एकच.

आता तो बाकावर झोपलाय, टोपी तोंडावर.
त्याच्या खांद्यावरची माशी हाकलतो.
डाव्या खिशात बरेच उरलेत.
उद्या नाही.
परवाही नाही.