शहाण्णव तास

गप्पी मासे मनपाच्या मलेरिया विभागातून येतात,
दुधाच्या पिशवीत, हवा भरून गाठ मारलेले.
काचेच्या टाकीत दहा. मोजून दहा.
आदल्या दिवसापासून त्यांना उपाशी ठेवायचं, असा नियम आहे.
मी पाळते,
माझ्या चतुर्थीपेक्षा काटेकोर.

सातपूरच्या या प्रयोगशाळेत माझं काम एवढंच :
कारखान्याचं पाणी, त्यात मासे,
आणि शहाण्णव तास बघत राहणं.
दहातले नऊ जगले की पाणी पास.
एक मेला तरी चालतो.
त्या एकाबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.

अंबडहून बाटली घेऊन पुंजाराम गांगुर्डे येतो.
सव्वीस वर्षं क्रोमच्या हौदावर :
नळ, कड्या, सायकलची हँडलं
बुडवायची, निथळवायची, चकाकी धरली का बघायची.
हातांवर गोल खड्डे, अगरबत्ती टेकवल्यासारखे.
आणि नाकाचा पडदा?
तो बनियनचा एक दोरा उसवतो,
या नाकपुडीतून घालतो, त्या नाकपुडीतून ओढून काढतो.
"सोनारानं टोचलं, मॅडम. दुखलंच नाही."
मग हसतो. मी हसायचं की नाही
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
वास तेवढा गेला.
तव्यावर सुका बोंबील पडला की गल्लीला कळतं,
त्याला ताटात दिसल्यावर.

मासा मरताना आधी घाई करतो.
सगळे वर, पृष्ठभागाला तोंडं लावून.
मग कल्ल्यांवर साय धरते,
दुधावर धरते तितकी पातळ.
पंप बुडबुडे सोडत असतो, हवा भरपूर असते,
ती दारापर्यंत येते आणि परत जाते.
मग एकजण तिरका होतो,
चाक निघालेल्या खेळण्यासारखा गोल गोल.

जस्त, तांबं, निकेल, क्रोम.
यातली निम्मी नावं भांडीबाजारात पाटीवर आहेत.
रामकुंडावरून लोक तांब्याच्या गडूत गंगा भरून नेतात, झाळून,
तेच तांबं, चिमटीतून निसटलेल्या कणाएवढं,
माशाला पुरतं.
सर म्हणतात, सगळं प्रमाणावर असतं.
सरांचं खरं आहे.

गेल्या मंगळवारी पुंजारामने दोन बाटल्या काढल्या.
एक शेठने दिलेली, सील लावलेली, नितळ.
दुसरी डब्याच्या पिशवीतून,
फडक्यात गुंडाळलेली, भाकरीच्या खाली.
"ही मागच्या पाइपाची. रातच्याला सोडतात ती."
रंग हळदीच्या दिवशीच्या न्हाणीसारखा.
"पावती नको. फक्त बघा."

पहिलीतले नऊ जगले.
नऊ, बरोब्बर, जसं काही सांगून ठेवलं होतं.
दुसरीतले दहाही रात्रीत गेले,
सकाळी पोटं वर, पांढरी,
आणि कुणाच्याही नावावर नाहीत :
ना नमुना क्रमांक, ना तारीख, ना शेरा.
मी ते रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिलं, पेन्सिलीने,
जिथे मी दूधवाल्याचा हिशेब लिहिते.

तो शनिवारी आला. विचारलं नाही.
माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं."
मग म्हणाला, त्या पाइपाच्या खाली नासर्डीला
पोरगा लहानपणी खेकडे धरायचा.
आता तिला नंदिनी म्हणतात.
नाव बदलल्याचं खेकड्यांना कुणी कळवलं नसावं.

मेलेले मासे मांजराला द्यायचे नाहीत,
हाही नियम आहे, भिंतीवर लावलेला.
करडी मांजर रोज पाचला दाराशी येते,
मी लाल पिशवीला गाठ मारताना बघत बसते,
आणि तिच्या नजरेत मी
गावातली सगळ्यात चिक्कू बाई.