दोन मिनिटं

पत्रात तीन पानं यादी, आणि शेवटी एक ओळ:
निरोपासाठी दोन मिनिटं मिळतील,
त्यानंतर पालकांनी मागच्या फाटकाने बाहेर पडावं.

यादीचं काही वाटलं नाही.
काळे मोजे आठ जोड, पांढऱ्या बनियनी सहा,
बुटांचं पॉलिश, सुईदोरा, कुलपं दोन.
कास्त्रोला दोन खेपा झाल्या, होते ते पैसे गेले, मिळालं सगळं.
ओर्तेन्सिया रोज रात्री एकेका कपड्यावर
लाल दोऱ्याने दोनशे सतरा घालते.
सातच्या पोटात आडवी रेघ ओढते न चुकता,
नाहीतर, म्हणते,
पोरीचे मोजे दोनशे अकराच्या पायात जायचे.

मी होड्या बांधतो.
या बेटाभोवती माझ्या हातच्या एकोणीस होड्या पाण्यावर आहेत,
एक पाण्याखाली.
तिच्यात ओर्तेन्सियाचा भाऊ होता.
जेवताना आम्ही त्यावर बोलत नाही.
यास्ना सहा वर्षांची असताना म्हणाली होती,
मला मोठी बोट पाहिजे, लोखंडाची,
बाबाने न बांधलेली.
लहान होती. मी हसलो होतो.

तर ती दोन मिनिटं.
पोर झोपली की आम्ही स्वयंपाकघरात तालीम करतो.
अंडी उकडायचं घड्याळ चुलीच्या कडेला,
ओर्तेन्सिया दाराशी यास्ना होऊन उभी:
पाठ ताठ, हनुवटी वर, पायात माझे लोकरीचे मोजे.
पहिल्या रात्री मी परतीच्या तिकिटांबद्दलच बोलत बसलो
आणि घंटी वाजली.
दुसऱ्या रात्री म्हणालो, थंडी वाजली तर अंगावर घे काही.
ती म्हणाली, बाबा, वाल्पाराइसोला उन्हाळा आहे.
तिसऱ्या रात्री शब्दच फुटेना.
घड्याळ टिकटिकत राहिलं. शेवटी यास्नाचं काम सोडून
ओर्तेन्सियाने विचारलं,
दातखीळ बसली का?

मग जागा बदलल्या. मी यास्ना.
तिने माझी कॉलर सारखी केली,
नसलेला अंबाडा चाचपला,
चौदा पिना मोजायला लागली माझ्या टकलावर,
एक, दोन, तीन, पुटपुटत,
आणि नवावर थांबून म्हणाली,
संध्याकाळची पाण्यात जाऊ नकोस, त्याच्यासारखी.
नौदलात निघालेल्या पोरीला हे!
मी काही म्हणालो नाही.
घंटी वाजली. पाच पिना राहिल्या.

शेजारचा रोसामेल म्हणतो, दोन मिनिटं म्हणजे चैन आहे.
तो मेंढ्या कातरायला आर्जेन्टिनात निघाला तेव्हा
धक्क्यावर बापाने नुसती मान हलवली होती.
चाळीस वर्षं झाली,
रोसामेल अजून ती मान सांगतो आहे.

काल मी घड्याळाबरोबर खरंच एक अंडं टाकलं पाण्यात.
दोन मिनिटांनी फोडलं. पांढरंसुद्धा धरलं नव्हतं.
फळ्यांच्या मधल्या फटीत सालीचे तंतू ठोकताना
दोन मिनिटांत एक वीत फट बुजते.
दोन मिनिटांबद्दल मला एवढंच ठाऊक आहे.
एक वीत.

तेवढ्यात जिना वाजला. यास्ना, पाणी प्यायला.
तिने पाहिलं:
आई दाराशी ताठ, बाप हातात फुटकं अंडं घेऊन,
टेबलावर दोनशे सतराचे मोजे.
काही विचारलं नाही.
माहीतच असणार, या घराच्या भिंती पातळ फळ्यांच्या आहेत,
मीच ठोकलेल्या.
पेला ठेवला, आईला खांद्याला धरून बाजूला केलं,
तिच्या जागी उभी राहिली,
आणि घड्याळाची चावी पिळून म्हणाली,
हं. बोल, बाबा.

मी म्हणालो, अंडं कच्चं राहिलंय.

ती म्हणाली, चालेल.