परत नेल्याची तारीख

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या अलीकडे,
शिकलगारचाचांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान.
आईच्या मशीनचा पट्टा बदलायला गेले
आणि वह्याच बघत बसले:
एकोणतीस वह्या, सुतळीनं बांधलेल्या,
कसरीनं समासासकट खाल्लेल्या.
म्हटलं, रविवारी येते. कॉम्प्युटरवर घेऊ.

तपकीर गल्लीत जुना डबा मिळाला, अडीच हजारांत.
त्यावर डेबियन टाकलं, त्यावर पोस्टग्रेस.
ह्याचे पैसे कुणाला द्यायचे?
कुणालाच नाही, चाचा.
मग खोट काय त्यात?
असली तर दिसते. आतून उघडून बघता येतं.
चाचांनी हातातलं मशीन आडवं केलं,
खालचा पत्रा काढला, दात्यांवर तेल सोडलं.
मग ठीक, म्हणाले.
ती नवी प्लास्टिकची येतात ना, स्क्रूच नसलेली,
त्यांना मी हात लावत नाही.

सहा रविवार टाइप करत होते.
नाव, पेठ, मशीनचा नंबर, काय मोडलंय,
आणल्याची तारीख, परत नेल्याची तारीख.
टर्मिनलच्या काळ्या पडद्याकडे बघून
हाताखालचा रेहान विचारायचा,
ताई, पिक्चर कधी सुरू होणार?

एका गुरुवारी वीज गेली.
मी खराडीत, ऑफिसात. चाचांचा फोन:
तुझं सगळं गेलं बघ.
संध्याकाळी जाऊन बटण दाबलं.
चार ओळी सरसर वर गेल्या,
अर्धवट राहिलेलं त्यानं आपलं आपण निस्तरलं,
टेबलं जागच्या जागी.
हे आधी लिहून ठेवतं, मग करतं, मी सांगितलं.
त्यात काय, चाचा म्हणाले,
आधी पावती, मग पाना. माझ्या बापाची रीत.

मग त्यांनीच विचारलं,
किती जण न्यायला आलेच नाहीत, सांगेल का हे?
मी घाईत लिहिलं:
परत नेल्याची तारीख बरोबर नल.
उत्तर: शून्य ओळी.
चाचांनी मान वर केली.
माळ्यावर गोणपाटाखाली मशीनच मशीन.
मग ही काय माझ्या सासऱ्याची?

जीभ चावली मी. नोकरीत अकरा वर्षं
आणि पहिल्या आठवड्यातली चूक.
नल कशाच्याच बरोबर नसतो, चाचा,
दुसऱ्या नलच्यासुद्धा नाही.
शून्य नव्हे तो. रिकामाही नव्हे.
माहीत नाही, एवढंच.
नळ? चाचांना कमी ऐकू येतं.
गुरुवारी कोरडा असतो तो?
असू दे. नळ कोरडा म्हणून
खडकवासल्यात पाणी नाही, असं थोडंच?

पुन्हा लिहिलं, नीट. एकेचाळीस ओळी.
सुंदराबाई अवघडे, काशेवाडी, पायमशीन, चाक जाम.
फ्लोरी परेरा, कॅम्प, सुई मोडते.
नाव नाही, नाना पेठ, दोन हजार तीन,
शेरा: मुलीच्या लग्नाआधी पाहिजे.

दहा वर्षांपुढच्या काढून टाकू, म्हटलं,
मशीनं भंगारात, माळा मोकळा.
चाचा काही बोलले नाहीत.
मी व्यवहार उघडला, पुसायला सांगितलं.
अडतीस ओळी गेल्या.
आता कायम कर म्हटलं की झालं.
चाचा चष्मा पुसत होते.
झालं असेल का गं त्या पोरीचं लग्न?

मी एकच शब्द टाइप केला, मागे फिर.
अडतीसच्या अडतीस परत आल्या,
जणू उठून गेल्याच नव्हत्या.
माळ्यावर तर काहीच हललं नव्हतं.

गंजली असतील हो एव्हाना, मी म्हटलं.
गंजतील कशी? रेहानला राग आला.
दर सहा महिन्यांनी आम्ही खाली उतरवतो,
तेल घालतो, परत चढवतो.
मागची पाठ दुखतेय अजून.

त्या रात्री टेबलात एक रकाना वाढवला:
शेवटचं तेल.
चाचा एकेक मशीन आठवून सांगत गेले,
मी भरत गेले.
एकेचाळीस ओळी.
एकही नल नाही.