गेटवेची गच्ची

आधी वजन केलं.
चपला काढून काट्यावर चढणार, तर आयरिन म्हणाली,
राहू द्या काका, चपलाही उडणारच आहेत.
शहात्तर किलो. चिठ्ठी हातात दिली.
वजनाप्रमाणे जागा : मी पुढं, पायलटशेजारी,
मागं आयरिन आणि संगमनेरचं नवं जोडपं,
नवऱ्याच्या मांडीवर बायकोची पर्स.

तिकीट सुनेनं काढलेलं, माझ्या एकसष्टीचं.
किंमत विचारली तर म्हणे, बाबा, तुम्हाला काय करायचंय?
चौतीस वर्षं खालून पाहिलात,
आता वरून पाहा एकदा.
खालून म्हणजे पाण्यातून.
घारापुरीच्या लाँचवर कंडक्टर होतो मी.
शहराला गेटवेची पाठ दिसते,
मला तोंड दिसायचं.

जुहूचं मैदान पायाखालून सुटलं
तेव्हा पोटात काही झालं नाही.
भरतीला लाँच उचलते तसंच हे उचललं,
फक्त परत खाली बसलं नाही.
मागून नवरी 'अगं बाई' म्हणाली,
हेडफोनमुळे ते सगळ्यांच्याच कानात गेलं.

मग आयरिनचं सुरू झालं.
डावीकडे बघा, हा सागरी सेतू, हा हाजी अली.
आवाज गोड. पण मला कळलं,
'अमुक साली पाया घातला' आणि 'अमुक साली पुरं झालं'
यांच्यामध्ये ती जो श्वास घेते
तो आठवण्यासाठी नसतो,
आजची ही कितवी फेरी ते मोजण्यासाठी असतो.
मीही तिथंच घ्यायचो.
तोंडाला भोंगा लावून, तीन भाषांत :
राजा आला, दगड पिवळा,
गोऱ्यांची शेवटची पलटण इथूनच गेली.
त्या पलटणीला मी इतक्यांदा घालवलंय
की परत यायची तिला लाज वाटावी.

कुलाब्याला वळसा घालून आलो, आणि तो दिसला.
उपड्या ठेवलेल्या मापाएवढा.
पाण्यावर लाँचच्या फेसाच्या रेघा.
वाकडी रेघ 'मोतीसागर'ची.
सुकाणू डावीकडं ओढतं तिचं,
जनू भोईरानं अजून बघितलेलं नाही.

पायऱ्या शोधल्या.
पाण्याकडेला काळी किनार, तेवढंच.
त्या किनारीवर उभं राहून
हात द्या, आधी डावा पाय, खाली बघू नका
म्हणत माणसं चढवली, उतरवली.
अंगठ्यांचे हात, घामट हात,
पोर कडेवर घेतलेल्या बाईचा उरलेला एक हात.
एका आजोबांनी नुसतं बोटच धरलं होतं.
चेहरा एकाचाही सांगता यायचा नाही.

आणि गच्ची दिसली.
वरचे चारही मनोरे मला पाठ,
पण त्यांच्यामध्ये काय असेल
हे कधी मनातच आलं नव्हतं.
घुमट. त्याच्या कडेनं काळं पडलेलं शेवाळ,
कोपऱ्यात साचलेलं पाणी, पाण्यात थोडं आभाळ,
आणि फटीतून वर आलेलं
हातभर पिंपळाचं रोप.
आयरिनच्या माहितीत ते नव्हतं.
माझ्याही.
मी बोट दाखवलं. ती पुढं वाकली,
वाक्य अर्धंच राहिलं,
आणि तेवढा वेळ हेडफोनात नुसती घरघर.

उतरायची वेळ आली. वर पातं फिरतच होतं.
आयरिन आधी उतरून दाराशी उभी :
डोकं खाली, काका, हात द्या.
द्यायचा कसा ते क्षणभर कळेना.
सवयीनं मी तिचाच हात धरायला गेलो,
तिनं माझा उलटा करून धरला.
तळवा खरखरीत होता तिचाही.

घरी सुनेनं विचारलं, कसा दिसला गेटवे?
म्हटलं, गच्चीवर पाणी साचलंय गं.
पिंपळ धरलाय.
कुणाला तरी कळवायला हवं.
ती हसली आणि चहा टाकायला आत गेली.
मी खिशातली वजनाची चिठ्ठी काढली,
मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं :
मा. अधीक्षकसाहेब,