पिशवी नंबर एकोणीस

पहाटे साडेचारला ऑटोची सीट दवानं ओली असते.
मी पोतं टाकून बसतो.
कुहीपासून पाचगावपर्यंत नुसतं धुकं,
त्यात पुढच्या ट्रकचे दिवे
वेलीवर राहून गेलेल्या दोन भेदरांसारखे.

मागे छत्तीस पिशव्या, मांजरपाटाच्या,
प्रत्येकीवर निळ्या दोऱ्यानं नंबर.
या आठवड्यात तुरीच्या शेंगा
(सोले तुम्हीच काढा, बेबीनंदाला वेळ नाही),
वाल, लाखोळीचे कोवळे शेंडे,
मुळा पाल्यासकट, हिरव्या लसणाची जुडी,
आणि सांभार इतका, की पिशवीचं तोंड मिटत नाही.
फुलकोबी मुठीएवढी. तिच्यासोबत चिठ्ठी:
थंडी उशिरा आली. चव पाहा, माप नको.

दिघोरी. मानेवाडा. अजनीचा पूल.
भाजी देताना माणसं कळत नाहीत,
रिकामी पिशवी परत घेताना कळतात.
सहा नंबरची धुऊन, इस्त्री होऊन येते.
अकरामधून मुळ्याचा पाला परत येतो, रबर लावून,
जणू आम्ही चुकून पाठवला.
बावीसमध्ये दर गुरुवारी कागद: शेपू नको.
आम्ही शेपू कधी लावलाच नाही.

एकोणीस म्हणजे बजाजनगर, तिसरा मजला, देशकर.
मागच्या खेपेला बाईंनी ताटली पुढे केली होती.
फुलकोबीचा तुरा, त्यावर हिरवी अळी,
करंगळीच्या नखाएवढी, निवांत.
मी सॉरी म्हटलं.
फवारत नाही, हे सांगायला गेलो
की माझा आवाज उगाच भाषणासारखा होतो.
म्हणून गप्प राहिलो.
‘पुढच्या आठवड्यापासून बघते,’ त्या म्हणाल्या.
या धंद्यात ‘बघते’ म्हणजे नाही.

आज दार मुलीनं उघडलं. कानटोपी, एका पायात मोजा.
पिशवी दिली. हलकी होती, पण रिकामी नव्हती.
आत उदबत्तीचा खोका, कर्कटकानं भोकं पाडलेला,
वर स्केचपेननं:
हिचं घर शेत आहे. उलटं धरू नका.

‘दोन पानं खाल्ली तिनं,’ मुलगी म्हणाली.
‘नाव नाही ठेवलं.
ती बदलणार आहे ना.’

आतून बाई आल्या, हात पदराला पुसत.
नवी पिशवी हातात तोलली.
‘फुलकोबी आहे?’
आहे.
‘मग मिठाच्या पाण्यात ठेवते आधी.’
एवढंच. दार लागलं.
जिना उतरताना माझ्या लक्षात आलं,
मी खोका दोन्ही हातांनी धरलाय.

परतीला ऊन होतं.
खोका समोर काचेपाशी ठेवला,
गतिरोधक आला की एका हातानं धरायचो.
मागून हॉर्न. वाजवा म्हटलं.

बेबीनंदा कोबीच्या ओळीत वाकलेली,
कमरेला डबा.
रोज उजाडता उजाडता ती अळ्या वेचते,
शंभर, कधी दीडशे. डबा कोंबड्यांपुढे रिकामा होतो.
तिनं खोका उघडला. बघत राहिली.
‘हे तं आपल्याच वावरातली.
नागपूर पाहून आली, बाप्पा.’
मला वाटलं, आता डब्यात.

तिनं खोक्यावरचं वाचलं, ओठ हलवत, दोनदा.
मग बांधाकडे चालत गेली.
बांधावर मोहरी आहे, पिवळी झालेली.
ती आम्ही अळ्यांसाठीच पेरतो:
त्यांनी तिकडे जावं, कोबी सोडावी म्हणून.
त्या फारसं ऐकत नाहीत.
एका पानावर तिनं खोका अलगद झटकला,
अळी धरेपर्यंत थांबली.

‘उलटं नाही ना धरलं तुम्ही?’
नाही, म्हटलं.

‘मी तं रोज वेचतो,’ ती म्हणाली,
मला नाही, मोहरीला म्हणाल्यासारखं,
आणि डबा सावरून
पुन्हा ओळीत वाकली.