चार थेंब

बोस्नियातलं तुझ्ला, मिठाचं गाव.
जमिनीखालचं खारं पाणी उपसून उपसून
इथल्या जुन्या गल्ल्या खचल्या.
आमच्या प्रयोगशाळेतही मीठ लागतंच.
हाडाची पूड विरघळली
की मीठ आणि गार अल्कोहोल घालून
तो धागा पाण्यातून वेगळा काढतो.
पुष्कळदा दिसत नाही. आहे, असं धरून चालायचं.

मग मोजणी.
माणूस म्हणजे आमच्या लेखी सोळा जागा,
प्रत्येक जागी दोन आकडे,
एक आईकडचा, एक बापाकडचा.
बारा, चौदा. नऊ, अकरा.
वाण्याची उधारीची वही दिसते तसं दिसतं.

हायरुदिन पहिल्याच वर्षी आला होता. सुतार.
बोटाला सुई टोचताना म्हणाला,
सुवाद माझाच, कानाची पाळीसुद्धा माझी.
कार्डावर चार थेंब.
अकरा वर्षं ते थेंब
फडताळावरच्या एकेका हाडाशी लावून पाहिले.
जुळले नाहीत.
दर शरदात तो आलुबुखारांची पिशवी घेऊन यायचा,
विचारायचा,
आणि कठड्याचे सांधे चाचपत जिना उतरायचा.
बायको कधी आली नाही.
तिला रक्ताची भीती वाटते, म्हणायचा.

ती आली एका मंगळवारी. झुम्रेता.
भाऊ खाली गाडीत बसलेला.
त्याचंही घ्या, म्हणाली, पण आधी सांगा,
यात काय काय दिसतं?
आमच्या नियमांत याचं उत्तर छापलेलं आहे:
ओळखीपलीकडचं काही आम्ही सांगत नाही.
पण काय सांगता, हे तिनं विचारलंच नव्हतं.
मी म्हणाले, सगळं.
खाली अंगणात कुणीतरी गालिचा झटकत होतं.
ते थांबेपर्यंत ती थांबली.
मग बोट पुढे केलं,
अंगठी काढून, अनामिका.

नऊ दिवसांत जुळलं.
पिशवी अकरा वर्षं त्याच फळीवर,
माझ्या खुर्चीपासून सहा पावलं.
सोळाच्या सोळा जागी अर्धं तिचं.
उरलेलं अर्धं कुणाचं,
ते शोधायचं काम आमचं नाही.
मी शोधलं नाही.
खरं सांगते, एकदा शोधलं,
संध्याकाळी, सगळे गेल्यावर.
काय निघालं ते इथे लिहिणार नाही.
खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतात,
पण त्या संध्याकाळी मी कुणाचं मीठ खाल्लं होतं?

दोघं मिळून आली.
तो कोट घालून. तिनं त्याची बाही धरलेली.
म्हणाला, शेवटी माझं रक्त कामी आलं ना?
अहवाल टेबलावर होता.
त्यात आईचं नाव, मामाचं नाव.
चष्म्याशिवाय त्याला वाचता येत नाही.
चष्मा वरच्या खिशात होता, दांडी बाहेर आलेली.
तो त्यानं काढला नाही.
मी म्हणाले, तुम्ही येत राहिलात
म्हणून आम्ही शोधत राहिलो.
हे खोटं नाही.
घरी जाताना मी तीनदा तपासून पाहिलं,
खोटं नाही.

त्याला एवढंच हवं होतं:
मांडीच्या हाडाची लांबी.
पेटी मीच करणार, म्हणाला.
एक्कावन्न सेंटिमीटर, मी सांगितलं,
आणि वर तीन मिलिमीटर.
त्यानं ते तळहातावर लिहिलं.
हात जवळ धरून, लांब धरून पाहत राहिला.

उंच होता, म्हणाला.
आमच्यात एवढं उंच कुणीच नाही.

आणि पेन्सिल कानामागे खोचली.