नऊ मिनिटं

नोंदणीच्या फॉर्मवर एक रकाना होता,
व्यवसायाचं स्वरूप.
गुंडेटी सीएनं पेन उघडून विचारलं,
"काय लिहू? टॉवेल, चादर, का इतर?"
मी म्हटलं, उपग्रहांची राखण.
त्यानं चष्म्यावरून बघितलं,
"म्हंजे वॉचमन पुरवणार होय?"
आणि लिहिलं : इतर.

असे आम्ही दोघं इतर झालो,
मी, स्रवंती येमूल, आणि सादिक नदाफ.
अक्कलकोट रोडला नायनाच्या कारखान्यात
खाली आठ माग, वर पत्र्याची खोली,
एक टेबल, दोन लॅपटॉप,
आणि मोडक्या बिमाच्या नळीवर बांधलेला अँटेना,
एप्रिलात हात लावला तर फोड उठायचा.

पहिलं गिऱ्हाईक बेळगावची पोरं.
त्यांचा उपग्रह चपलेच्या खोक्याएवढा,
पैसे कमी, आभार फार.
विजापूरच्या अंगानं तो चढायचा,
बार्शीकडे उतरायचा.
मधली नऊ मिनिटं आमची.
त्या नऊ मिनिटांत तो बोलायचा
आणि आम्हाला ऐकू यायचे
नायनाचे माग.

खटक खटक नुसतं कानांत नाही,
पडद्यावर सुद्धा. जुने स्टार्टर ठिणग्या टाकायचे
आणि पाचशे किलोमीटरवरचा तो बारीक आवाज
त्या खरखरीत सांडून जायचा.
सादिकनं फिल्टर लावले, तारा जमिनीत पुरल्या,
एकदा तर अँटेनाला चादर गुंडाळली,
कशासाठी ते अजून सांगत नाही.

शेवटी मीच जिना उतरले.
नायना, दिवसातून नऊ मिनिटं माग थांबवाल?
त्यानं हिशेब केला, तोंडातल्या तोंडात, तेलुगूत.
आकडे तो नेहमी तेलुगूतच मोजतो.
मग म्हणाला, "वेळ आधी सांगत जा.
तुझं ते रोज एका टायमाला येत नाही, पावण्यासारखं."

रोज सकाळी मी चिठ्ठी द्यायचे.
वेळ झाली की आठही माग एकेक करून गप्प.
कामूर्ती मामा बाहेर येऊन
डोळ्यांवर हात धरून वर बघायचे,
दिसत काहीच नाही म्हणून सांगितलं होतं, तरी.

बावीस तारखेला, चौथ्या मिनिटाला
उपग्रह म्हणाला, "हो, वळलो."
सादिकनं माझ्याकडे बघितलं.
वळ म्हणालं कोण?
बेळगावला फोन लावला, तिकडून कुणी नव्हतं म्हणालं.
कुणीच न दिलेल्या हुकमाला
तो वर एकटा हो म्हणत होता,
सूर्याकडे पाठ करत होता.
हुकूम खोटा नव्हता, तीच तर गोम.
तेरा तारखेचा, त्यांचाच, सही-शिक्क्यासकट,
कुणीतरी ऐकून ठेवला होता
आणि आज तसाच्या तसा परत सोडला होता.

बेळगावच्या पोराला आधी आमचाच संशय आला.
राखणदारावर पहिला संशय,
हे गुंडेटीला ठाऊक असणार.

रात्री नायना भाकरी मोडताना म्हणाला,
"तुमच्या हुकमांना नंबर नाहीत?
आमच्या जकार्डच्या पत्त्यांना असतात.
सत्तेचाळीस झाला की अठ्ठेचाळीस.
परत सत्तेचाळीस आला तर मोर दोन मानांचा होतो."
सादिकचा घास हातातच राहिला.
पुस्तकात हे आम्ही दोघांनी वाचलं होतं,
परीक्षेत लिहिलंही होतं. बेळगावच्या पोरांनीही.
पाच मार्कांना.

दुसऱ्या दिवशी पोरांनी त्याला
परत उन्हाकडे वळवला.
नंबर घालायला अठरा दिवस लागले.
कोणी केलं ते कळलं नाही, अजून नाही.

दिवाळीत वह्या बदलताना
नायनाची जुनी खातेवही हाती आली.
सूत, रंग, वीजबिल, कामूर्तीची उचल,
आणि रोज तळाला, त्याच्या वाकड्या अक्षरात :
वर, नऊ मिनिटं.
समोरच्या रकान्यात, जिथं सगळ्यांचे पैसे होते,
तिथं त्यानं काहीच लिहिलं नव्हतं.
मी मीटर मोजायला बसले, आठ माग, सात महिने,
आणि आकडा मोठा व्हायला लागला
तसं मला कळलं की मीही
तेलुगूत मोजतेय.